वास तोंडाला, दुखणं हिरडीखाली

पत्र: आमचा मोत्या नऊ वर्षांचा आहे. वर्षभरापासून त्याच्या तोंडाला वास येतो आणि मागच्या दाढांवर तपकिरी किटण चढलंय. डॉक्टर म्हणाले, भूल देऊन दात साफ करू, एक्स-रे काढू आणि एखाद-दुसरा दात काढावाही लागेल. भूल म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. त्याला अंघोळीला आणि केस कापायला जिथे नेतो तिथला मुलगा म्हणतो, भूलबिल काही नको, अर्ध्या तासात दात चकाचक करून देतो. सासूबाई म्हणतात, कुत्र्याचे दात कधी कोणी घासले होते का, आणि तो खातो तर व्यवस्थित. नवरा म्हणतो, तू ठरवशील ते. घरात सहा वर्षांची चिंगी नावाची मांजरही आहे. तिचे दात पांढरेशुभ्र आहेत. पण हल्ली ती वाटीशी जाते, वास घेते आणि परत फिरते. याचा दातांशी काही संबंध नसेल ना? – दोघांची आई

ताई,

तुमचं पत्र चांगलं दोन पानी आहे, इथे कापून छापलंय. त्यात मोत्याबद्दल जवळजवळ सगळं आणि चिंगीबद्दल शेवटच्या चार ओळी. मला जास्त काळजी वाटली ती त्या चार ओळी वाचून. पण तिच्याकडे मागाहून येतो. मोत्याचं प्रकरण नीट उलगडलं की चिंगीचं अर्धं आपोआप समजेल.

आधी ते 'खातो तर व्यवस्थित' बघू. हे वाक्य मी आठवड्यातून तीन-चारदा ऐकतो, आणि बऱ्याचदा त्याच वेळी टेबलावरच्या कुत्र्याची दाढ माझ्या बोटाखाली हलत असते. दात दुखतो म्हणून खाणंच सोडलेला कुत्रा मी फार क्वचित पाहिलाय. कुत्रा काही आपल्यासारखा घास चघळत बसत नाही. तोडायचं आणि गिळायचं, एवढंच त्याच्या दातांचं काम. एक बाजू दुखत असेल तर दुसऱ्या बाजूने तो महिनोन्‌महिने निभावून नेतो. तुम्हीच आज रात्री मोत्याचे ओठ दोन्हीकडून उचलून बघा. एका बाजूच्या दाढांवर जाड थर आणि दुसऱ्या बाजूला पातळ असं दिसलं, तर जाड थराच्या बाजूने त्याने चावणं सोडलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. वापरात असलेली बाजू घासली जाऊन थोडी तरी साफ राहते.

असाच व्यवस्थित खाणारा एक लॅब्रॅडॉर माझ्याकडे आला होता. उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज. घरच्यांना वाटलं मधमाशी चावली. सूज एकदा औषधाने उतरली होती, महिन्याभराने पुन्हा आली. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात दोन्हीकडे एकेक मोठी, कात्रीच्या पात्यासारखी दाढ असते. तिला तीन मुळं असतात आणि ती बरोबर डोळ्याच्या खालच्या भागात रुतलेली असतात. याची ती दाढ कडेने कापल्यासारखी फुटली होती आणि आतली नस उघडी पडून मुळाशी पू झाला होता. दाढ काढली, आणि दहा दिवसांनी टाके बघायला आला तेव्हा त्याची मालकीण म्हणाली, "डॉक्टर, हा पुन्हा चेंडू आणायला लागला. आम्ही समजत होतो, वय झालं म्हणून सोडलंय." तो किती दिवस दुखणं काढत होता याचा अंदाज तिला तेव्हा आला, आणि खरं सांगायचं तर मलाही.

आता किटणाकडे. घासून स्वच्छ केलेल्या दातावरही काही तासांतच जंतूंचा बुळबुळीत, सहजी न दिसणारा थर बसायला लागतो. तो पुसला गेला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत घट्ट व्हायला लागतो. नळाच्या तोंडाशी क्षार धरतात ना, तसंच. एकदा तो दगड झाला की ब्रशने निघत नाही. पण हा दिसणारा दगड मुख्य गुन्हेगार नाही. तो खडबडीत असतो, म्हणून त्याच्यावर नवे जंतू चांगले टिकतात, इतकंच. खरा उद्योग चालतो तो हिरडी आणि दात यांच्यामधल्या बारीकशा फटीत. तिथे जंतू शिरले की हिरडी लाल होते, सुजते, हात लावला की रक्त येतं. इथपर्यंत सगळं मागे फिरवता येतं. दात नीट साफ झाले की हिरडी पुन्हा गुलाबी होते. त्याच्या पुढे मात्र जंतूंशी लढता लढता शरीर दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाडच पोखरायला लागतं. ते गेलेलं हाड सहसा परत येत नाही. फार तर आहे ते वाचवता येतं. कुत्र्यामांजरांमध्ये तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांना याची सुरुवात झालेली असते. मोत्या नऊचा आहे, म्हणजे तो या रस्त्यावर बराच पुढे आलेला असणार. तुम्हाला येतो तो वासही किटणाचा नाही, हिरडीखालच्या त्या जंतूंचा आहे.

ही फट किती खोल झालीय ते आम्ही एका बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेल्या सळईने मोजतो. निरोगी कुत्र्यात ती साधारण तीन मिलिमीटरच्या आत असते, मांजरात अर्धा-एक मिलिमीटर. एका दाताच्या चारही अंगांनी मोजायचं, असे कुत्र्याचे दात ४२ आणि मांजराचे ३०. जागा कुत्रा हे करू देईल का, याचा विचार तुम्हीच करा.

आणि इथेच तुमच्या त्या केस कापणाऱ्या मुलाचा प्रश्न येतो. त्याच्यावर रागावू नका, कारण तो जे करायला निघालाय ते एके काळी मीही केलंय. व्यवसायाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एक म्हातारा, छोटा, स्वभावाने गायीसारखा डॅशहुंड होता. मालक भुलेला घाबरत होते. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं, एकाने डोकं धरलं आणि हातातल्या स्केलरने, म्हणजे दात खरवडायच्या हत्याराने, मी त्याच्या दातांवरचं किटण टकटक उडवून टाकलं. वीस-पंचवीस मिनिटांत दात पांढरे. मालक खूश, मी त्यांच्याहून खूश. पाच-सहा महिन्यांनी तो परत आला तो शिंकत. एकाच नाकपुडीतून पाणी, मधूनच रक्ताचे थेंब. सर्दीची औषधं झाली, अॅलर्जीची झाली. शेवटी भूल देऊन तोंड उघडलं. वरचा सुळा बाहेरून अजूनही बऱ्यापैकी पांढरा होता. त्याच्या आतल्या अंगाला, टाळूच्या बाजूने, ती सळई घातली, तर ती आत गेली, आणखी आत गेली, आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त आलं. सुळा आणि नाक यांच्यामधलं हाड खाऊन संपलं होतं. तोंडातून नाकात सरळ वाट झाली होती. मी पांढरा केलेला तोच सुळा. ज्या दिवशी मी तो चमकवला त्या दिवशीही तिथे खड्डा असणारच. पण आतल्या बाजूला मी बघितलंच नव्हतं, आणि त्याने बघू दिलंही नसतं. दात काढून, हिरडीची घडी सरकवून ते भोक शिवलं आणि शिंका थांबल्या. त्यानंतर मी जाग्या प्राण्याच्या दातांना स्केलर लावलेला नाही.

भुलेविना दात साफ करण्यात मला सगळ्यात खुपतं ते हेच. त्याने काही बरं होत नाही, आणि वर बरं झाल्यासारखं दिसतं. किटण दिसत होतं तोवर तुम्ही निदान डॉक्टरांकडे गेला होतात. दात पांढरे दिसल्यावर आणखी दोन वर्षं गेला नसता. शिवाय स्केलर हे धारदार हत्यार आहे. कुत्र्याने मान झटकली तर ते हिरडीत, जिभेत जातं. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांचं खालच्या जबड्याचं हाड कधी कधी आतून इतकं पोखरलेलं असतं की जोर लावून तोंड धरल्याने ते मोडूही शकतं. खरवडल्यावर दातावर बारीक ओरखडे राहतात. पॉलिश करून ते गुळगुळीत केले नाहीत तर किटण पुन्हा आणि लवकर धरतं. जगभरच्या पशुवैद्यकांची 'वर्ल्ड स्मॉल अॅनिमल व्हेटरिनरी असोसिएशन' आणि अमेरिकेतलं पशुदंतवैद्यांचं 'अमेरिकन व्हेटरिनरी डेंटल कॉलेज', दोघांनीही भुलेविना दात साफ करण्याला स्पष्ट विरोध केलेला आहे.

एक्स-रेचा आग्रह म्हणजे बिल फुगवणं, असं तुमच्या मनात आलं असेल तर (पत्राच्या सुरावरून आलंय असं वाटतं), एक जुना अभ्यास सांगतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, दिसायला धडधाकट असलेल्या दातांचे एक्स-रे काढले, तेव्हा सुमारे २८ टक्के कुत्र्यांमध्ये आणि ४२ टक्के मांजरांमध्ये उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचं काहीतरी सापडलं. म्हणजे वरून निरोगी, खाली भलतंच. दाताचा मोठा भाग हिरडीखाली असतो. सुळ्याचं तर मूळ बाहेरच्या टोकापेक्षा लांब असतं. एक्स-रे न काढता दात काढायचा की ठेवायचा हे ठरवणं म्हणजे अंधारात हात घालणं. त्यामुळे डॉक्टरांकडे दातांच्या एक्स-रेची सोय नसेल, तर जिथे असेल तिथे पाठवा, असं त्यांना मोकळेपणाने सांगा. त्यात अपमान वाटून घेणारा डॉक्टर तुमच्या कामाचा नाही.

आता भूल. तुमच्या पोटातला गोळा मी खोटा म्हणणार नाही. भुलेत धोका असतो. किती असतो, ते आकड्यात सांगतो. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात जवळजवळ एक लाख कुत्रे आणि ऐंशी हजारांच्या आसपास मांजरांच्या भुलेच्या नोंदी ठेवल्या गेल्या. तब्येतीने ठीक असलेल्या कुत्र्यांमध्ये दोन हजारांत एकाचा भुलेशी संबंधित मृत्यू झाला, मांजरांमध्ये साधारण नऊशेत एकीचा. मुळात आजारी असलेल्या प्राण्यांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त होतं, शंभरात एकाहून थोडं अधिक. यातून दोन गोष्टी निघतात. भुलेआधी प्राणी कुठल्या गटात बसतो ते शोधणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. आणि त्याच पाहणीत मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे कुत्र्यांचे आणि निम्म्याहून जास्त मांजरांचे काम संपल्यावर झाले होते, त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांत. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की डॉक्टरांना "भूल सुरक्षित आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर सगळे 'हो'च देतात. विचारा, "भूल असताना त्याच्यावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असेल का, आणि तो जागा झाल्यावर त्याच्याजवळ कोण बसणार?"

नऊ वर्षं हे वय मध्यम किंवा लहान जातीच्या कुत्र्यासाठी फार नाही. थोराड जातीचा असेल तर म्हातारपण म्हणता येईल. तरी नुसत्या वयावरून मी भूल नाकारत नाही. रक्ताची तपासणी होते, त्यात मूत्रपिंड, यकृत, साखर, रक्तपेशी बघतात. स्टेथोस्कोपने हृदय ऐकतात. ठोक्यांबरोबर फुसफुस असा वेगळा आवाज ऐकू आला तर आधी हृदयाची सोनोग्राफी करून घ्यायची, मग पुढचं. काही सापडलं तरी बेत रद्दच होतो असं नाही. औषधं बदलतात, सलाईनचं प्रमाण बदलतं, कधी कधी काम दोन भागांत करतात. आणि तुम्ही दोन वर्षांनी येता तेव्हा मोत्या अकराचा असेल, दुखणं वाढलेलं असेल, भूलही जास्त वेळ द्यावी लागेल. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यात अवघड केसेस म्हणजे 'म्हातारा आहे, नको' म्हणून चार वर्षं पुढे ढकललेल्या.

त्या दिवशी काय होतं, ते माहीत असलं की भीती जरा कमी होते. सकाळी उपाशी आणायचं. किती तास ते डॉक्टर सांगतील, त्यात स्वतःचं डोकं चालवून 'थोडंसं तर दिलं' असं करू नका. आधी शांत करणारं आणि दुखणं कमी करणारं इंजेक्शन. मग पायाच्या शिरेत सुई, सलाईन आणि भूल. झोपला की लगेच श्वासनलिकेत नळी घालतात. ही नळी फार मोलाची. तिच्यातून ऑक्सिजन आणि भुलेचा वायू जातो, आणि तिच्या फुग्यामुळे दातांवर मारलेलं पाणी, किटणाचा चुरा आणि जंतू फुप्फुसात उतरत नाहीत. जाग्या कुत्र्याच्या तोंडात घाईघाईने स्केलर चालवताना यातलं काही नसतं, तेवढं लक्षात ठेवा. मग नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि शरीराचं तापमान, सगळ्यांवर नजर. तापमानाकडे दुर्लक्ष होतं, पण तोंडात सतत पाणी मारलं जात असल्याने लहान प्राणी भराभर थंड पडतो. त्याला खाली गरम हवेची गादी लागते. एक्स-रे, सळईने मोजमाप, हिरडीच्या वरची आणि खालची सफाई, पॉलिश. काढायचे दात असतील तर त्या भागाची नस वेगळी बधिर करतात, म्हणजे मुख्य भूल हलकी ठेवता येते आणि जाग आल्यावर दुखत नाही.

दात काढण्याबद्दल तुम्ही पत्रात 'एखाद-दुसरा' हे शब्द दोनदा अधोरेखित केलेत. डॉक्टरांनी आकडा नक्की सांगितला नाही म्हणून तुम्हाला ते टाळाटाळ करतायत असं वाटलं. उलट, भुलेआधी छातीठोक आकडा सांगणाऱ्यावर मी कमी विश्वास ठेवीन. एक्स-रे झाल्यावर, मोत्या झोपलेला असतानाच ते तुम्हाला फोन करतील. त्या वेळी फोन उचला, आणि 'अमुक इतक्यापर्यंत तुम्हीच ठरवा' हे आधीच लिहून द्या. दात काढणं म्हणजे पकडीने उपटणं असं डोळ्यांसमोर आणू नका. मोठ्या दाढेला दोन-तीन मुळं असतात. हिरडी बाजूला करून दाढेचे तुकडे करतात, एकेक मूळ हलकेच सैल करून काढतात, पुन्हा एक्स-रे काढून काही मागे राहिलं नाही ना बघतात, आणि विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवतात. दात मजबूत असून नुसता तुटलेला असेल, विशेषतः सुळा, तर माणसांसारखं रूट कॅनलही होतं. त्यासाठी पशुदंतवैद्यकाचं खास शिक्षण घेतलेले डॉक्टर लागतात.

मग खाणार कसा? मऊ करून दिलेलं, दोन आठवडे. पुढे बहुतेक कुत्रे जवळजवळ नेहमीचंच खायला लागतात. एकही दात नसलेले कुत्रे आणि मांजरं मजेत कोरडा खुराक गिळताना मी पाहिलेत. त्यांची जीभ कधी कधी बाजूला लोंबते, तेवढं जरा विनोदी दिसतं. दुखरा दात असण्यापेक्षा दात नसणं त्यांना परवडतं.

आणि एक. 'सध्या गोळ्या देऊन बघू' हा मार्ग कोणी सुचवला तर नम्रपणे नको म्हणा. अँटिबायोटिकने वास आठ-पंधरा दिवस कमी होतो, कारण खड्ड्यातले जंतू थोडे मरतात. खड्डा तसाच राहतो आणि ते परत येतात. तोंडाच्या दुखण्याचा हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्या आजारांशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, पण एकामुळेच दुसरं होतं हे ठाम सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे 'दात साफ केले नाहीत तर हृदय जाईल' अशी भीती मी तुम्हाला घालणार नाही. रोज दुखतंय, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

सासूबाईंना सांगा की त्यांचं बरोबर आहे. पूर्वी कोणी घासत नव्हतं. कोणी ओठ उचलून बघतही नव्हतं. तोंडाला वास येणारा म्हातारा कुत्रा अंगणात झोपायचा, त्यामुळे वासाची तक्रारही नव्हती. आता तो तुमच्या उशाशी झोपतो. हे हसत हसत सांगा, त्या ऐकतील.

आता चिंगी.

मांजराच्या बाबतीत पांढरे दात बघून निश्चिंत होऊ नका, असं मी अगदी जीव तोडून सांगेन. मांजरांना एक विचित्र दुखणं होतं. शरीरातल्याच पेशी दाताला आतून-बाहेरून खायला लागतात. मुळापासून सुरुवात होते, दात हळूहळू विरघळतो, आणि हिरडीच्या कडेला एक बारीक लाल ठिपका दिसतो, जणू हिरडी दातावर चढलीय. किटण असायलाच हवं असं नाही. खालच्या जबड्यातली पहिली दाढ यात बऱ्याचदा सापडते. का होतं, ते अजून पक्कं कळलेलं नाही, पण प्रौढ मांजरांमध्ये हे दुर्मीळ मुळीच नाही. त्या ठिपक्याला भुलेत असतानाही हात लावला तर मांजराचा जबडा थरथरतो. यावरून जागेपणी काय होत असेल ते समजा. वाटीशी जाणं, वास घेणं आणि मागे फिरणं, म्हणजे भूक आहे पण तोंडात घ्यायची भीती आहे, असं मला त्या ओळीतून वाटलं. आणखी बघा: खाताना ती मान एका बाजूला कलती करते का, घास तोंडातून पडतो का, वाटीवर गुरगुरते का, अंग चाटणं कमी होऊन पाठीवरचे केस विस्कटलेले, गुठळ्या झालेले दिसतात का.

दुसरी शक्यता, तोंडाच्या मागच्या भागात, घशाच्या अलीकडे, लालभडक सूज. यात मांजराच्या शरीराची प्रतिकारशक्तीच दातांवरच्या जंतूंवर बेफाम तुटून पडते. औषधांनी तात्पुरतं दबतं. ऐकायला क्रूर वाटेल, पण सगळे दात किंवा निदान मागच्या सगळ्या दाढा काढून टाकणं हाच यावर आजवरचा सगळ्यात उपयोगी उपाय ठरलाय, आणि बहुतेक मांजरं त्यानंतर पुष्कळ सुधारतात. आधीच्या त्या विरघळणाऱ्या दातांनाही एके काळी सिमेंट भरून वाचवायचे प्रयत्न झाले. आत प्रक्रिया चालूच राहते, म्हणून ते सोडून दिले. आता एक्स-रे बघून ठरवतात. मूळ शाबूत असेल तर पूर्ण दात काढायचा, मूळ हाडातच मिसळून गेलं असेल तर वरचा भाग कापून हिरडी शिवायची. एक्स-रेशिवाय हा फरक कळतच नाही.

अर्थात, मांजराने अन्नाकडे पाठ फिरवण्याला मूत्रपिंडापासून पोटापर्यंत इतर दहा कारणं असू शकतात. म्हणून आधी पूर्ण तपासणी. आणि तिने चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, विशेषतः ती गुबगुबीत असेल तर. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. मोत्यालाही माणसांची आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं नकोत.

चिंगीला भूल दिली जाईल तेव्हा एक बारीक प्रश्न विचाराल का? तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा गॅग वापरणार का, असं विचारा. मांजराचा जबडा जोराने, जास्त वेळ ताणून ठेवला तर मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारा रक्तपुरवठा दाबला जातो, आणि भुलेतून उठल्यावर मांजर आंधळं झाल्याच्या नोंदी आहेत. अनुभवी माणूस लगेच म्हणेल, "नाही वापरत", किंवा तोंड थोडंसंच उघडं ठेवणारा छोटा आधार दाखवेल.

घासण्याचं आत्ता सुरू करू नका. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवला तर दोघंही तुमच्या हाताचा धसका घेतील. काम झाल्यावर, टाके भरल्यावर, दोनेक आठवड्यांनी सुरुवात करा. पहिले काही दिवस नुसता ओठ उचलायचा आणि शाबासकी द्यायची. मग बोटाला सुती कापड गुंडाळून फक्त बाहेरच्या बाजूने फिरवायचं. आतली बाजू जीभ थोडीफार सांभाळते. मग मऊ ब्रश, हिरडीच्या रेषेवर किंचित तिरका. तोंड उघडायची गरजच नसते. रोज करा, रोज नाही जमलं तर एक दिवसाआड. जंतूंचा थर दोन-तीन दिवसांत घट्ट होतो हे आठवलं की महिन्यातून एकदा घासण्यात काही राम नाही हे कळेल. पेस्ट प्राण्यांसाठीची. माणसांची पेस्ट थुंकावी लागते आणि त्यांना थुंकता येत नाही. शिवाय काहींत झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असतो, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. दातांसाठीचे चघळायचे तुकडे, खास खुराक यांच्या पाकिटावर 'व्हेटरिनरी ओरल हेल्थ काउन्सिल'चं चिन्ह असेल तर त्याची निदान चाचणी झालेली असते. बाकीच्यांबद्दल पाकीट जे म्हणतं ते पाकीटच म्हणतं.

आणि मोत्याला मोठी हाडं, शिंगं, खूर चघळायला देत असाल तर थांबवा. त्या लॅब्रॅडॉरची दाढ तशीच फुटली होती. चघळायच्या वस्तूवर नख दाबून बघा. नखाचा वण उमटला नाही तर ती दातापेक्षा कडक समजायची.

मोत्याच्या रक्ततपासणीची वेळ घ्या. आठ-पंधरा दिवसांत झाली तरी चालेल. चिंगीची मात्र या दोन दिवसांत घ्या, आणि वेगळी, मोत्याबरोबर नाही. दवाखान्यात ती काही खाणार नाही, आणि तोंडही धड उघडू देणार नाही. म्हणून उद्या सकाळी वाटी ठेवलीत की मोबाइल जमिनीलगत धरा आणि ती येते, वास घेते आणि मागे फिरते तो सगळा प्रकार टिपून घ्या. त्या अर्ध्या मिनिटातून डॉक्टरांना तुमच्या दोन पानांपेक्षा जास्त कळेल.